व्यवसाय कर नोंदणी (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात पगारी माणसे कामावर ठेवणाऱ्या नियोक्त्याने, त्यांच्यापैकी एकाचेही वेतन करपात्र होताच, राज्य शासनाकडे करावयाच्या नोंदणीस व्यवसाय कर नोंदणी म्हणतात. तिचे प्रमाणपत्र ‘पीटीआरसी’ या संक्षेपाने ओळखले जाते.

पार्श्वभूमी
महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५ अन्वये हा कर आकारला जातो. ग्रामीण मजुरांना काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेसाठी निधी उभारणे हा त्यामागील मूळ हेतू होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा अधिक व्यवसाय कर घेता येत नाही.

दर
दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यास कर नाही. १०,००० रुपयांपर्यंत १७५ रुपये, तर त्यापुढे २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये द्यावे लागतात. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक वेतनावर सूट असून त्यापुढे २०० व ३०० रुपयांचाच दर लागू होतो. ६५ वर्षांवरील व्यक्तींना हा कर माफ आहे.

नोंदणी
दायित्व सुरू झाल्यापासून ३० दिवसांत वस्तू व सेवा कर विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. पॅन, पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा तपशील व कर्मचाऱ्यांची माहिती त्यासाठी लागते. नव्या कंपनीची ही नोंदणी स्थापनेच्या अर्जासोबतच होते. नियोक्त्याच्या स्वतःच्या करासाठी ‘पीटीईसी’ हे नावनोंदणी प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते. एक घेतल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही.

नियोक्त्याची जबाबदारी
वेतनातून कर कापून तो शासनाकडे भरणे आणि विवरणपत्र सादर करणे ही नियोक्त्याची कर्तव्ये आहेत. मागील वर्षाचे करदायित्व एक लाख रुपये वा अधिक असल्यास विवरणपत्र दरमहा, अन्यथा वर्षातून एकदा द्यावे लागते. वेतन देताना कपात केली नसली, तरी कर भरण्याचे दायित्व नियोक्त्यावरच राहते. त्यामुळे कपात करण्याचे राहून गेल्यास, विलंबाच्या व्याजासह त्याचा भार प्रथम त्यालाच सोसावा लागतो. उलटपक्षी, कापलेली रक्कम कर्मचाऱ्याच्या वेतनातील असते. ती शासनाकडे न भरता व्यवसायात वापरण्याचा अधिकार नियोक्त्यास नाही.