घर बांधताना काँक्रीटची जाडी किती असावी?

सोलापूरच्या हद्दवाढ भागात आपली अनेक कुटुंबे दोन-अडीच गुंठ्यांवर टप्प्याटप्प्याने घर बांधतात. आयुष्यभराची कमाई त्यात जाते. "चार इंच पुरे की सहा?" हा प्रश्न मिस्त्रीला सगळेच विचारतात. पण आम्ही म्हणतो, आधी खाली माती कोणती आहे ते पाहा.

पाया : आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर उभी भिंत तडकतेच, काँक्रीट कितीही जाड असो. म्हणून काळी माती काढून कडक मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदावे. तळाला 3 ते 4 इंच साधे काँक्रीट (पीसीसी), त्यावर लोखंडी जाळीचे फूटिंग. मातीवरच्या फूटिंगची कडेची जाडी भारतीय मानक 456 प्रमाणे किमान 150 मिमी, म्हणजे 6 इंच हवी. सळईखाली 50 मिमी कव्हर ठेवा. काळी माती फार खोल असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खालची फरशी : मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मस करावा. मग 6 ते 9 इंच दगडी सोलिंग, 3 ते 4 इंच कोबा आणि त्यावर शहाबादी किंवा टाइल. गाडी उभी राहणार असेल तर 6 इंच आणि जाळी घाला.

स्लॅब : नेहमीच्या खोल्यांना 4 ते 5 इंच, खोली मोठी असेल तर जास्त. माल एम-20 पेक्षा कमी नको. पुढे वरचा मजला चढवायचा असेल तर ते आजच सांगा, कारण पाया नंतर वाढवता येत नाही.

तळघर : बाहेरची माती भिंतीला आत ढकलते, पावसाळ्यात पाणीही दाबते. साधी विटांची भिंत इथे चालत नाही. आरसीसी भिंत साधारण 8-9 इंच लागते, पण सळई आणि राफ्टचा हिशोब इंजिनिअरचाच.

हिशोब : 10 × 12 फुटांच्या खोलीला 4 इंच कोबा म्हणजे 40 घनफूट. 1:3:6 प्रमाणाला सिमेंटच्या सुमारे 5 गोण्या लागतात. एक इंच वाढवला की सव्वा गोणी जास्त. इथे वाचवलेले पैसे पुढे दुरुस्तीत जातात.

पाणी : जाडी बरोबर असूनही क्युरिंग चुकले तर सगळे वाया. कोरड्या उन्हात किमान 10 दिवस काँक्रीट ओले हवे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ओतकाम ठरवण्याआधी टाकी भरून ठेवा. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवा, फूटिंगवर ओले पोते टाका.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत मातीत रचलेल्या जड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हा नुसती जाडी म्हणजे मजबुती नव्हे. मिस्त्रीचा अनुभव मोलाचा आहेच, पण घराचा आराखडा एकदा तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याची फी एका भेगेच्या दुरुस्तीपेक्षा जड नाही.