अक्षराचे आकारमान आणि अक्षराचे रूप

मुद्रणकलेचा इतिहास म्हणून आपल्याकडे बहुधा यंत्रांचा आणि ग्रंथांचा इतिहास लिहिला जातो, खिळ्यांचा क्वचितच. त्यातही एकाच वळणाचे अक्षर लहान करावयाचे झाल्यास त्याचे रूपही बदलावे लागते, ही गोष्ट मुद्रणालयाबाहेर फारशी कोणी ध्यानात घेतलेली दिसत नाही. वास्तविक तिचा संबंध मुद्रकापेक्षा वाचकाशीच अधिक आहे.

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये क्लोद गारामों (मृत्यू १५६१) पोलादावर ठसे कोरीत असे, तेव्हा एक ठसा एकाच आकाराच्या कामी येई. ठसा तांब्यात ठोकून साचा करावयाचा, साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. दुसरा आकार हवा असेल तर ठसा पुन्हा नव्याने कोरावयाचा. श्रम मोठे, परंतु त्या श्रमांतच एक लाभ दडलेला होता. कारागीर ठशावर काजळी धरून तो कागदावर उमटवून पाही आणि बारीक अक्षराच्या नाजूक रेषा किंचित जाड करी, अंग रुंद करी, पोटातील पोकळी मोकळी ठेवी, शेजारच्या अक्षरापासून अंतरही थोडे वाढवी. मोठ्या अक्षरात तोच कारागीर रेषा सडपातळ करी. शाळेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटू नये. लहान मूल म्हणजे आखूड केलेला प्रौढ मनुष्य नव्हे, त्याच्या मस्तकाचे शरीराशी प्रमाणच निराळे असते. इंग्लंडमधील हॅरी कार्टर याने १९३७ साली एका लेखात या जुन्या व्यवहाराची मार्मिक चर्चा केली आहे.

देवनागरीत तर हा प्रश्न अधिकच बिकट. रोमन खिळ्याच्या उंचीएवढ्याच जागेत येथे शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार व जोडाक्षराचे पाय बसवावयाचे. त्यामुळे बारा पॉइंटांच्या देवनागरी खिळ्यातील मूळ अक्षर त्याच मापाच्या रोमन अक्षरापेक्षा लहान दिसते. त्यातून ते नुसतेच आखूड केले, तर शाईने काय होते पाहा. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांना ओळखण्यास शिरोरेषेतील लहानशी फट फार मोठा आधार असतो. ती बुजली की ‘धन’ आणि ‘घन’, ‘भार’ आणि ‘मार’ सारखेच दिसू लागतात. प्रौढ वाचक संदर्भाने निभावून नेतो. ज्याला शब्दच नवा आहे त्या विद्यार्थ्याने काय करावे?

आपल्याकडे ही जाण होती. सेरामपूरला १८०५ साली विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. पुढे मुंबईत अमेरिकन मिशन मुद्रणालयात टॉमस ग्रॅहॅम यांनी मराठी खिळ्यांचे काम नावारूपास आणले. तेथेच पोरवयात काम शिकलेले जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःची ओतशाळा काढली, १८६९ साली निर्णयसागर मुद्रणालय स्थापिले; आणि त्यांचे ठसे कोरणारे राणूजी रावजी आरू हे त्यांचे स्नेही. निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ काढून पाहावे: वर मूळ श्लोक ठळक, खाली टीका बारीक. पण ती बारीक टीका दाटत नाही, रफार अनुस्वारात मिसळत नाही. आमच्या मते आरूंची खरी परीक्षा ठळक अक्षरात नव्हे, त्या टीकेच्या अक्षरात झाली. जावजींचे नाव तरी लोकांस ठाऊक आहे. आरूंचे किती मराठी शिक्षकांनी ऐकले असेल?

लिन बॉइड बेंटन याच्या १८८५च्या कोरणयंत्राने एका आराखड्यावरून अनेक आकार काढण्याची सोय झाली. तरीही चांगल्या ओतशाळा आकारागणिक आराखडे बदलीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाजुळणी आली आणि शिशाचा खिळा मागे पडला. एकच प्रतिमा भिंगातून लहानमोठी होऊ लागली. सोय झाली, बारीक अक्षर फिके पडले. अपवादही झाले. अमेरिकेत दूरध्वनीच्या सूचीसाठी मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ साली ‘बेल सेंटेनियल’ रचले, तेव्हा रेषांच्या सांध्यांत मुद्दाम खाचा ठेवल्या. पसरणारी शाई त्यांत भरून अक्षर नीट उमटे. डोनल्ड नुथ यांनी आपल्या ‘कॉम्प्युटर मॉडर्न’मध्ये पाच पॉइंटांचे अक्षर दहाच्या अक्षराहून निराळे रेखिले.

२०१६ साली संगणकीय टंकांच्या प्रमाणात बदल होऊन आकारमानागणिक रूप बदलणारे अक्षर एकाच संचात सामावण्याची सोय झाली. बहुतेक देवनागरी टंकांनी मात्र तिचा लाभ घेतलेला नाही. मोठ्या अक्षरासाठी काढलेली रेखाकृतीच तळटीपेसाठी आखूड केली जाते. म्हणून पाठ्यपुस्तक किंवा कोश निवडताना आम्ही मुखपृष्ठ आणि मथळे पाहून समाधान मानीत नाही. तळटीपेचे पान उघडून ‘ध’च्या डोक्यावरची फट शाबूत आहे काय, हे आधी पाहतो.