गोठ्यातली जीप

दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. लोक त्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणायचे. कृष्णाकाठच्या आमच्या भागात ऊस होता, गुऱ्हाळं होती, बागायतदाराच्या हातात चार पैसे होते. आमच्या थोरल्या आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, त्यातली एक विलीज जीप घेतली. रीतसर नंबर काढला, कर भरला. वीसेक वर्षं ती बाजारापासून वरातीपर्यंत सगळीकडं पळाली. मग इंजिन बसलं, सुटे भाग मिळेनात. बैलं जुंपून ती गोठ्यात ओढून नेली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या.

अशा गाड्या तेव्हा बऱ्याच गावांत दिसायच्या. कुणाच्या परड्यात मोटारीचा सांगाडा, कुणाच्या मळ्यात सुट्या भागांसाठी आणलेली विनानंबराची गाडी. आपल्या जागेत काय ठेवायचं ते आपण ठरवणार, सरकारचा काय संबंध, असंच सगळे धरून चालायचे.

ते अर्धं खरं होतं. देशभराचा पहिला मोटार कायदा 1914 चा, त्याच्या जागी 1939 चा आला. त्यातली बंदी होती ती गाडी चालवण्यावर. सार्वजनिक ठिकाणी, किंवा माणसं-माल वाहण्यासाठी दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी, नोंदणी नसलेली गाडी चालवायची नाही. नुसती उभी करून ठेवायला या कलमाची आडकाठी नव्हती. म्हणजे विनानंबराचा सांगाडा परड्यात खुशाल गंजू दे.

गोम होती ती कराच्या कायद्यात. मुंबई मोटार वाहन कर कायदा 1958 चा. राज्यात वापरलेल्या 'किंवा वापरासाठी ठेवलेल्या' गाडीवर कर, असं तो म्हणतो. आणि गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली, तो ती वापरतोच असं धरलं जातं. वापर बंद असल्याचा दाखला नसेल, तर गाडी गोठ्यात आहे की घाटात, याला किंमत नाही.

व्हायचं तेच झालं. काही वर्षांनी कचेरीतून थकबाकीची नोटीस आली, वर दंड. तात्या भडकले. "कोंबड्या बसत्यात तिच्यात! कोंबड्यांचा कर द्यू का?" तलाठी भला माणूस होता. तो म्हणाला, "तात्या, गाडी मेली, पर कागद जित्ता हाय. कायदा कागद बघतो." ही बाकी जमीन महसुलासारखी वसूल होते, उद्या सातबाऱ्यावर बोजा चढंल, हेही त्यानंच सांगितलं. सातबारा म्हटल्यावर तात्यांचा आवाज बसला. दुभती म्हैस बाजारात गेली, बाकी फिटली, नोंदणी रद्द झाली. आजी मात्र पुढं कितीतरी दिवस जीपकडं पाठ करूनच धारा काढायची.

जीप जागची हलली नाही. तीच गाडी, तोच गोठा. नंबर होता तोवर कर लागू, नंबर गेल्यावर काही नाही! गावाला हे कोडं कधीच उलगडलं नाही.

असाच वाद 1974 साली ओरिसातल्या बोलानी खाणीच्या निमित्तानं सुप्रीम कोर्टात गेला. खाणीच्या आवारातच चालणाऱ्या डंपरवर रस्त्याचा कर कशाला, हा मुद्दा होता. हा कर रस्त्यांच्या मोबदल्यात आहे, या अंगानं कोर्टानं विचार केला आणि खाणीच्या बाजूनं कौल दिला. कंपनीकडं वकील होते. तात्यांकडं म्हैस होती.

1988 चा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला, आणि 'माणसं-माल वाहण्यासाठी' हे शब्द गळाले. आता विनानोंदणीची गाडी सार्वजनिक किंवा कुठल्याही इतर ठिकाणी चालवायची नाही. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायला बनवलेल्या खास गाड्यांना मात्र अपवाद आहे. गाडी कायमची निकामी झाली तर 14 दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, कळवायचं, असंही त्यात आहे. भंगारात घालताना किती जण कळवतात, ते भंगारवाल्यालाच विचारा.

आणि आपल्या रानात चालवतोय म्हणणाऱ्यानं पाणंद विसरू नये. लोकांना जायचा-यायचा हक्क असलेली वाट कायद्यानं सार्वजनिकच, मग ती दोन बांधांमधली चिखलाची का असेना. घर ते मळा एवढाच फेरा असला तरी बहुतेकांना तीच ओलांडावी लागते.