लिथियम बॅटरी : किती, कशी आणि कुठे चार्ज करावी?

इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी कायम फुल ठेवायची, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालायचे, हे घरोघरी पाठ असते. मोबाईल, लॅपटॉप आणि इलेक्ट्रिक स्कूटरमधली लिथियम बॅटरी मात्र वेगळ्या जातीची आहे. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की खराब होते. लिथियम बॅटरी पूर्ण भरून, त्यातही गरम जागी पडून राहिली की लवकर म्हातारी होते. त्यामुळे इन्व्हर्टरची सवय इथे लावून चालत नाही.

गैरसमज कोणते?

नवा मोबाईल आधी आठ तास चार्जिंगला लावावा, बॅटरी शून्यावर येईपर्यंत वापरावी, हे सल्ले जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातले. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिला पूर्ण रिकामी करण्याची गरज नसते. थोडी-थोडी, मधेमधे चार्ज केली तरी बिघडत नाही. उलट वारंवार शून्यावर नेल्याने झीज वाढते.

रोजच्या वापरात किती?

रोज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलेली बॅटरी जास्त टिकते. लांबचा प्रवास असेल तर १०० टक्के करायला हरकत नाही. फक्त फुल करून दिवसेंदिवस तशीच ठेवू नये. अनेक मोबाईल आणि लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय सेटिंगमध्येच असते.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरीला एक अपवाद आहे. तिचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे आत किती चार्ज शिल्लक आहे हे यंत्रणेला नीट कळत नाही. म्हणून कंपनीने पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे ती ठराविक दिवसांनी पूर्ण चार्ज करावी लागते.

चार्जर बदलताना सावधान

खरा धोका इथे आहे. ‘४८ व्होल्ट’ एवढे एकच नाव असलेल्या दोन बॅटऱ्या आतून वेगळ्या असू शकतात. १३ सेल जोडलेली एनएमसी बॅटरी ५४.६ व्होल्टला फुल होते, तर १६ सेलची एलएफपी बॅटरी ५८.४ व्होल्टला. दुसरीचा चार्जर पहिलीला लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळपास ४.५ व्होल्ट जाऊ शकतो. आतले बीएमएस सर्किट तो रोखते, पण ते बिघडलेले किंवा काढून टाकलेले असेल तर आग लागू शकते. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, असे समजू नये. चार्जरवर छापलेला आउटपुट व्होल्टेज पाहावा आणि शंका असेल तर कंपनीचाच चार्जर घ्यावा.

ऊन आणि पाऊस

इंदूर, वडोदरा, हैदराबादच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात चालवून आणलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावू नये. बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांबावे. मोबाईल उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नये. बेळगाव आणि गोव्याच्या पावसात चार्जिंगचा सॉकेट, पिन कोरडी आहे का ते आधी पाहावे. पाण्यात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा वापरू नये.

गावी जाताना महिनाभर गाडी बंद राहणार असेल तर बॅटरी ४० ते ६० टक्क्यांवर, सावलीत ठेवावी आणि मधून एकदा तपासावी.

जिना म्हणजे चार्जिंगची जागा नव्हे

स्कूटरची बॅटरी जिन्याखाली किंवा घराच्या दारातच चार्ज केली आणि आग लागली, तर बाहेर पडायची वाटच बंद होते. चार्जिंग मोकळ्या हवेच्या जागी, गॅस सिलिंडर, कपडे, कागद यांपासून लांब करावे. घरातले सगळे झोपलेले असताना करू नये. सॉकेटला अर्थिंग हवे; साधे एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

बॅटरी फुगली, गोडसर रसायनासारखा वास आला, फुसफुस आवाज झाला किंवा नेहमीपेक्षा जास्त तापली, तर तिचा वापर तिथेच थांबवावा. फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नये. धूर निघू लागला तर बॅटरी उचलायला जाऊ नये. शक्य असेल तर मेन स्विच बंद करावा, सगळ्यांना बाहेर काढावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. हा धूर विषारी असतो. ज्वाळा विझल्या तरी बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून सामान आणायला आत जाऊ नये.

जुनी बॅटरी कुठे द्यावी?

घरच्या कचऱ्यात टाकलेली बॅटरी कचरागाडीत दाबली जाऊन पेटू शकते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि हे नियम देशभर लागू आहेत. त्यामुळे राज्य कोणतेही असो, जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावी. देताना तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी.