पावसाळ्यातील आरमार : किनाऱ्यावर की पाण्यात?

थंड देशांत शिडाची नौका हिवाळ्यात जमिनीवर चढवावी की पाण्यातच बांधून ठेवावी, असा प्रश्न नौकेच्या मालकापुढे दरवर्षी उभा राहतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर हाच प्रश्न मृग नक्षत्राच्या तोंडावर उभा राहत आला आहे. तो जसा तांडेलाच्या घरचा, तसाच राज्यकर्त्यांच्या दरबारचाही होता. आपल्या पूर्वजांनी त्याचा विचार कसा केला, हे वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

नैर्ऋत्येचा वारा सुटला की तो नौकेस खडकाळ किनाऱ्याकडे लोटतो. उघड्या समुद्रात नांगराचाही भरवसा राहत नाही. म्हणून होड्या व लहान मचवे उधाणाच्या भरतीस वर ओढून घेत, दोन्ही अंगांनी टेकू देत आणि माडाच्या झापांनी शाकारीत. नौका वर आली म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या समुद्रकिड्यापासून तिची सुटका होई. तळ खरवडून, फटींत कापूस भरून, चुन्यातेलाचा लेप देता येई. परंतु गुराबेसारख्या अवजड जहाजास हा उपाय सोपा नव्हे. एवढे धूड ओढणे कठीण. शिवाय जमिनीवर त्याचा भार विषम पडला तर सांधे ढिले होतात. अशा जहाजास खाडीचा आश्रय बरा. पावसाने खाडीचे पाणी गोडे झाले की किड्याचा उपद्रवही कमी होतो. मात्र तेथे पुराचा लोंढा सांभाळावा लागतो आणि आत साचणारे पाणी वरचेवर उपसावे लागते. सारांश, दोन्ही मार्गांस काही ना काही मोल द्यावेच लागे.

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणी या छावणीचा खास विचार आहे. छावणी दरवर्षी एकाच बंदरी न करता निरनिराळ्या बंदरी करावी, ते बंदर किल्ल्याच्या आश्रयाचे असावे, सर्व आरमार एके ठिकाणी ठेवू नये आणि रात्री जमिनीवरून व पाण्यातून पहारा फिरावा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. जहाजाची निगा आणि राज्याचे संरक्षण या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या आहेत.

जहाजांच्या निगेची आंग्रेकालीन साक्ष विजयदुर्गानजीक वाघोटण खाडीत गिर्ये येथे आहे. तेथील खडकात खोदलेली गोदी सुमारे १०९ मीटर लांब व ७० मीटर रुंद आहे. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावे, अशी तिची योजना. जे जहाज ओढून वर नेता येत नाही, त्यास समुद्राच्या बळानेच किनाऱ्याशी आणण्याची ही युक्ती होय.

सर्व आरमार एके ठिकाणी असू नये, या सूत्राचे मोल मात्र पुढे फार दारुण रीतीने कळून आले. १७५६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात, वॉटसन व क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला केला. पेशव्यांची फौजही तुळाजी आंग्र्यांविरुद्धच होती. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयास एकत्र उभी होती. इंग्रजांकडून पूर्वी जिंकून घेतलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली. ती एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि एवढे आरमार भस्मसात झाले. त्या वेळी पावसाळा नव्हता, हे खरे. पण जहाज सुरक्षित कोठे राहील, हा प्रश्न तोच होता. किल्ल्याची भिंत पाठीशी असूनही उत्तर चुकले. घरच्या भांडणाने त्या अनर्थास वाट करून दिली, हे शल्य निराळेच.

आज लाकडाची जागा पुष्कळ ठिकाणी फायबरने घेतली आहे व शिडाऐवजी यंत्र आले आहे. तरीही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असता लहान होड्या वाळूवर येतात, मोठ्या नौका खाडीत शिरतात, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण होतो. कोणत्या बंदरी कोणते उधाण धरावे, टेकू कोठे द्यावा, हे ज्ञान ग्रंथांत थोडे व वृद्धांच्या मुखी अधिक आहे. किनाऱ्यावरील ज्ञातिबांधवांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून ते वेळीच टिपून ठेवावे, एवढीच नम्र विनंती.