उमेदवारी

२०२४ साली आमची भाची सरकारी कचेरीत लागली. 'लागली' हा शब्द माझ्या बहिणीचा. "आई, नोकरी नाही ती, प्रशिक्षण आहे," असं भाचीने तिला चारदा समजावलं. पण सरकारी इमारतीत पंख्याखाली टेबल मिळालं की माणूस लागला, अशी आमच्या नाशकातल्या जुन्या मंडळींची पक्की समजूत. बहिणीने पेढे वाटले. मी पेढा तोंडात टाकून विचारलं, "पगार किती?"

"मामा, पगार नाही, विद्यावेतन. दहा हजार. सहा महिने."

"आणि पुढे?"

"पुढे प्रमाणपत्र."

हा पेढा मी पूर्वी एकदा खाल्ला होता. १९७९ साली, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मी स्वतःच एका सरकारी कचेरीत 'तात्पुरता अर्धवेळ शिकाऊ लेखनिक' होतो. (एका नोकरीमागे तीन विशेषणं लागली की पगाराला जागा उरत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.) कचेरीचं नाव सांगत नाही, म्हातारपणी कोणता कागद कुठे अडेल, नेम नसतो. सकाळी एच.पी.टी. कॉलेजात तास, दुपारी सायकल हाणत कचेरीत आवक-जावक. काम शिकवायला एक अण्णा होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला टाचणी कशी लावावी ते शिकवलं. हसू नका. टाचणीचं टोक बाहेर राहिलं तर ते साहेबांच्या बोटाला लागतं, आणि लागलं की दोष टाचणीचा नसतो. मग नस्तीला पानांचे आकडे घालणं, मग टिपणी. पाचव्या महिन्यात अण्णा लांब रजेवर गेले आणि त्यांचं अख्खं टेबल माझ्याकडे आलं. मी पूर्णवेळ झालो, मानधन अर्धवेळच राहिलं. हेडक्लार्क म्हणाले, "अरे, शिकायला मिळतंय ना?"

मिळत होतं, हे खरं. पण या वाक्याचं वय अडीचशे वर्षांच्या आत नसावं.

'उमेदवार' हा शब्द हल्ली आपण निवडणुकीपुरता ठेवला आहे. मूळ फारसी. उमेद म्हणजे आशा. आशेवर बसलेला तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांत हा शब्द फार नेमकेपणाने वापरीत. अक्षर बरं असलेला पोरगा कुणा काका-मामाच्या ओळखीने दफ्तरात येऊन बसे, सांगतील त्या नकला करी आणि जागा रिकामी व्हायची वाट पाही. ती रिकामी होण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वरच्या कारकुनाने देह ठेवणं. त्यामुळे उमेदवार मंडळी वरिष्ठांच्या तब्येतीची चौकशी अगदी मनापासून करीत असणार.

पेशव्यांच्या पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेवर कारकून होते. मोडीचं वळण, हिशेबाच्या रीती, असल्या गोष्टी 'मेस्तक' नावाच्या पोथ्यांत लिहून ठेवलेल्या असत. तरी खरं शिक्षण शेजारच्या कारकुनाच्या खांद्यावरून डोकावूनच होत असलं पाहिजे. माझंही तसंच झालं. आणि एका अक्षराची किंमत काय असते हे नाशिककरांना निराळं सांगायला नको. राघोबादादांचा मुक्काम आमच्या गंगापूर रस्त्यावरच्या आनंदवल्लीला असे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केल्यामुळे, असं लहानपणापासून ऐकलेलं. अभ्यासू लोक ही दंतकथा म्हणतात. आमचे अण्णा खरी मानीत. "खाडाखोड झाली की शेजारी सही घ्यावी," एवढंच त्यांचं त्यावर भाष्य होतं.

इंग्रज आले, बोरू जाऊन टाक आला, उमेदवार होता तिथेच राहिला. मात्र या कारकुनीला नावं ठेवताना मी जरा जपून ठेवतो. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली आमच्या जिल्ह्यात निफाडला जन्मले ते वडील तिथे मामलेदार कचेरीत नोकरीला होते म्हणून. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील १८७९ साली वारले तेव्हा थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यांतले आठ रुपये दर महिन्याला गोपाळच्या शिक्षणाला धाडू लागले. मॅट्रिक झाल्यावर गोपाळही कुठेतरी चिकटायला निघाला होता. घरच्यांनी ऐकलं नाही. वहिनींनी दागिने विकले आणि तो कॉलेजात गेला. त्याच गोखल्यांच्या नावाच्या सोसायटीचं आमचं एच.पी.टी. कॉलेज. म्हणजे कचेरीच्या कामाने दमून मी ज्या बाकावर डुलक्या घेत होतो, त्याच्या मुळाशी आठ रुपये होते. हे तेव्हा माहीत असतं तर निदान इतिहासाच्या तासाला तरी जागा राहिलो असतो.

स्वराज्यात सरकारने शब्द सुधारले. कारकून म्हणजे काम करणारा. त्याचा 'लिपिक' झाला, म्हणजे नुसता लिहिणारा. त्यात कोणाला काही खटकलं नाही. महसूल खात्यात तर पुढे लिपिकाचा 'महसूल सहायक' झाला. उमेदवाराला तेवढी बढती मिळेना. मग त्याचंही बारसं झालं: अंशकालीन. सुशिक्षित बेरोजगारांना अर्थसहाय्य देण्याच्या योजनेत पदवीधर मुलांनी तीन वर्षांपर्यंत मानधनावर सरकारी कचेऱ्यांत काम करायचं. आमच्या एका धाकट्या मावसभावाने ते केलं. योजना बंद झाली, मुलं घरी आली, त्यांची लग्नं झाली, मुलंबाळं झाली. दरम्यान सरकारने त्यांच्यासाठी भरतीत दहा टक्के जागा ठेवल्या आणि वयाची अट वाढवत नेली. २०२३ च्या तलाठी भरतीच्या जाहिरातीत ती पंचावन्न वर्षं छापलेली होती. निवृत्ती अठ्ठावन्नला! मावसभाऊ चष्मा लावून, मुलाच्याच पुस्तकांवर, मुलाशेजारी अभ्यासाला बसला. आम्ही त्याची पुष्कळ थट्टा केली. तो म्हणाला, "तीन वर्षं तर तीन वर्षं. माझी नोकरी मला करायची आहे." त्यानंतर कोणी थट्टा केली नाही.

भाचीची योजना 'मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना'. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा. उमेदवाराला फुकट राबवीत त्या मानाने ही प्रगतीच म्हटली पाहिजे, आणि मी ती मोकळेपणाने मान्य करतो. एक अट मात्र मला वाचूनही समजली नाही: ज्याचं शिक्षण चालू आहे तो अपात्र. म्हणजे शिकाऊ व्हायचं तर आधी शिकणं थांबवलं पाहिजे. आज मी १९७९ चा विद्यार्थी असतो तर मला टाचणीसुद्धा लावता आली नसती.

२०२५ मध्ये सहा महिन्यांचे अकरा झाले, आणि अकराही संपले. कायम कोणी केलं नाही. तसं वचनही कुठे नव्हतं. परवा ती एका भरतीचा अर्ज भरत माझ्याकडे बसली होती. 'अनुभव' या रकान्याशी अडली.

"मामा, अकरा महिने लिहू?"

"लिही."

"आणि पद?"

आता आली पंचाईत. लिपिक नव्हे, सहायक नव्हे, कर्मचारी म्हणायची सोय नाही. आम्ही दोघं विचार करत बसलो. तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली, अर्जावर नजर टाकली आणि म्हणाली, "त्यात एवढा विचार कसला? लागली होती, असं लिही."