पावसाळ्याची भाजी उन्हाळ्यातच तयार होते



आषाढातली अष्टाह्निका जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न निघतो: आता चार महिने भाजी काय करायची? नव्या सुनेला, वाढत्या वयाच्या मुलीला आपण उत्तर म्हणून यादी सांगतो. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आता पालेभाजीही नाही. ऐकणारीला वाटते, जैन स्वयंपाक म्हणजे दुसऱ्यांच्या स्वयंपाकातून वजा करून उरलेले. जुने ग्रंथ उघडले की मात्र वेगळीच गोष्ट दिसते.

आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार आपल्यापैकी अनेकींनी स्वाध्यायात वाचला आहे. त्यात मुळा, ओले आले, लोणी, कडुनिंबाची आणि केतकीची फुले सोडायला सांगितली आहेत. कारणही दिले आहे: लाभ थोडा आणि जीवघात फार. यातला ‘ओले’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. ओले आले सोडले, तरी सुंठेची वाट मोकळी राहिली. आजही आपल्या घरांत कढीला आणि चहाला सुंठच असते, ती याच वाटेने आलेली.

पुढे तेराव्या शतकात, इ.स. 1240च्या सुमारास, माळव्यातल्या पंडित आशाधरांनी सागार धर्मामृत लिहिले. ते स्वतः गृहस्थ होते, त्यामुळे घर चालवणाऱ्यांच्या अडचणी त्यांना ठाऊक असणार. पावसाळ्यात पालेभाजी खाऊ नये, असे ते सांगतात. त्याच ठिकाणी ते आणखी एक गोष्ट सांगतात, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते: पावसाळ्यात न भरडलेले, अख्खे कडधान्यही खाऊ नये. पानाच्या मागे बारीक जीव दडतो, तसा दमट हवेत अख्ख्या दाण्याच्या आत कीड राहते आणि वरून दिसत नाही. डाळ केली की दाण्याची दोन्ही अंगे डोळ्यांसमोर येतात.

आता हा नियम घरात आणून पाहा. पावसाळ्यात डाळच खायची, तर ती पावसाच्या आधी करायला हवी. म्हणून चैत्र-वैशाखात तूर निवडायची, तेलपाण्याचा हात लावून उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची, पाखडून डब्यात भरायची. त्याच उन्हात सांडगे घालायचे, गवारी आणि कारल्याच्या काचऱ्या वाळवायच्या, कैरीच्या फोडींची आंबोशी करायची. ही बेगमी सगळ्याच मराठी घरांत होते. आपल्याकडे तिला चातुर्मासाचे कारणही असते. व्रती मंडळींची मर्यादा याहून कडक, आणि संघासंघांतही फरक आहेतच. पण पावसाळ्याचे ताट उन्हाळ्यात मांडायला घ्यायचे, ही रीत सगळ्यांची एकच.

पिठाची मर्यादा आठवा. दिगंबर परंपरेत ती पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7. म्हणजे ज्या दिवसांत धान्य सादळते, जाते जड फिरते, त्याच दिवसांत सगळ्यात जास्त वेळा दळायचे. नियम ग्रंथात आला, पण तो पाळला गेला पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या हातांनी. तिचे नाव कुठल्याही ग्रंथात नाही. अहिंसेचा इतिहास सांगताना ते हातही मोजले पाहिजेत.

एवढ्या मर्यादेत चव कुठे होती? त्यासाठी शेजारच्या कर्नाटकात जावे लागेल. आपल्यापैकी कितीतरी घरांचे माहेर-सासरचे धागे तिकडचेच आहेत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिसरा मंगरस या जैन कवीने कानडीत सूपशास्त्र लिहिले. हे पाकशास्त्र, तेही पद्यात आणि पूर्ण शाकाहारी. पिठाचे पदार्थ, पानके, भात, वांग्यांचे अनेक प्रकार, केळी आणि फणसाचे पदार्थ, असे त्यात सारे आहे. आज आपल्यातल्या बऱ्याच घरांत वांगे बहुबीज म्हणून चालत नाही, आणि इथे जैन कवीच वांगे रांधायच्या कितीतरी तऱ्हा सांगतो. त्यावरून कोण खरे, असा वाद घालू नये. काळ आणि प्रांत बदलला की मर्यादा थोडी सरकते, पण मर्यादेत राहून रुचीने जेवणे हे आपल्याकडे कधीच कमीपणाचे नव्हते, एवढे त्यातून नक्की दिसते.

बटाट्याचे तर नावच पोर्तुगीज. बटाटा, मिरची, टोमॅटो या तिन्हींचे मूळ अमेरिका खंडात. पोर्तुगीज आल्यानंतर त्या आपल्याकडे पोहोचल्या. समंतभद्रांना किंवा आशाधरांना त्या ठाऊकच नव्हत्या. तरी आपल्या लोकांनी प्रत्येक नव्या भाजीला जुनाच प्रश्न विचारला: हिच्यात जीव किती? बटाटा कंद, अनंतकाय, म्हणून बाहेर राहिला. मिरची वेलीसारखी सहज आत आली आणि मिरी-पिंपळीच्या जागी बसली. बटाट्याचे काम कच्च्या केळ्याने उचलले. हा निवाडा स्वयंपाकघरात झाला, आणि तो विचाराने झाला.

आता ताटाकडे पाहा. पावसात दुधी, दोडका, पडवळ, तोंडली, लाल भोपळा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी सोडली तर बेसनाचे पिठले, मुगाच्या डाळीचे वरण, सांडग्यांची आमटी. कार्तिकी पौर्णिमा झाली की मेथी, चाकवत, शेपू, हरभऱ्याचा पाला. चार महिन्यांनंतरची पहिली मेथीची भाजी जशी लागते, तशी बारमाही मिळणारी मेथी लागत नाही. मग शेवगा, फणस, कैरी, आणि पुन्हा वाळवण.

आज बाजारात सगळे बारा महिने मिळते आणि वाळवणाला अंगण राहिलेले नाही. अशा वेळी मुलींच्या हाती फक्त ‘नाही’ची यादी दिली, तर त्यांच्या वाट्याला उपासमारच येईल आणि एक दिवस त्या ती यादी खाली ठेवतील. यादीबरोबर सांडग्याचे पीठ किती घट्ट भिजवायचे, तेही द्यायला हवे. यंदा उन्हाळ्यात गच्चीवर एखादे ताट भरून सांडगे मुलीच्या हातून घालून घ्या. श्रावणात ती आमटी करताना तिला सगळे आपोआप उमगेल.